ट्रेमधली पिशवी

रांगेत माझ्यासमोर एक पाटी होती, हिंदीत आणि इंग्रजीत. नवीन मशीन प्रवाशांच्या खासगीपणाचा मान राखतं, त्यात शरीराचं चित्र दिसत नाही, काहीही साठवून ठेवलं जात नाही, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. मी ती दोनदा वाचली. रांगेत मला लोकांकडे बघायचं नसतं, म्हणून भिंतीवर जे असेल ते मी वाचून काढते. वाचून झाल्यावर मागे वळून आईला सांगितलं की घाबरू नकोस, यात काही दिसत नाही.

हे मीच सांगितलं तिला. त्याला आठ महिने झाले. पाटीवरचं एक अक्षरही खोटं नव्हतं, हे आठवलं की माझं डोकं अजून तापतं.

हे लिहू का, असं आईला विचारलं तेव्हा ती तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "लिव्ह. पन नाव नोको टाकू. माहं नाई, त्यायचं नाई, गावाचं बी नाई." तेव्हा आमगावच्या आसपासचं एक गाव, एवढंच. आमची थोडी धानाची शेती आहे, बाबांचं किराणा दुकान आहे, आणि मी गोंदियाच्या इंग्रजी शाळेत शिकले. घरी झाडीबोली, गोंदियात हिंदी, शाळेत इंग्रजी. तीन भाषा मला कळतात आणि चारचौघांत तिन्हीत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

सहा वर्षांपूर्वी नागपूरला आईचं ऑपरेशन झालं. डावा स्तन काढला आणि काखेतल्या गाठीही काढल्या. घरात हे बाबांना, ताईला आणि मला माहीत होतं. गावात सांगितलं की गर्भपिशवी काढली. आमच्याकडे ते ऑपरेशन इतक्या बायकांचं झालेलं असतं की त्यावर कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. बायका येऊन बसल्या, आपापल्या गर्भपिशवीच्या कहाण्या सांगून गेल्या. केस गेले तेव्हा आईने डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही. लपवण्याचं कारण एकच होतं. घरात लग्नाच्या दोन मुली होत्या आणि हा आजार आईकडून मुलींकडे येतो, असं लोक म्हणतात. ताईचं लग्न ठरलं, झालं, तेव्हाही मुलाकडच्यांना गर्भपिशवीच सांगितली होती.

दवाखान्याने रबरासारखं काहीतरी दिलं होतं, ब्लाउजच्या आत ठेवायला. गोंदियाच्या मे महिन्यात ते कसं भाजत असेल याचा विचार ते बनवणाऱ्याने केला नसावा. आईने ते कपाटात टाकलं आणि स्वतःची पिशवी शिवली, जुन्या सुती साडीच्या दुहेरी कापडाची. आधी तिच्यात तांदूळ भरले. त्यांना किडे लागले. मग कापूस भरला. तो हलका, सारखा वर सरकायचा. शेवटी जवस. धान निघाल्यावर आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, थोडा जवस होतो, गुळगुळीत, हाताला गार. तो भरलेली पिशवी अंगाचा आकार घेते, वजनालाही बरी. दरवर्षी नवीन जवस निघाला की आई जुना काढून नवा भरते. कापड धुऊन दोरीवर वाळत घालायची तेव्हा शेजारणी बघायच्या आणि त्यांना वाटायचं की कोणाच्यातरी बाळाची उशी आहे. तान्ह्या बाळाच्या डोक्याला आकार यावा म्हणून मोहरी भरून उशी करतात, दिसायला ती अगदी अशीच असते. आई त्यांना तसंच वाटू द्यायची.

गेल्या हिवाळ्यात ताईला मुलगा झाला. ती आणि जिजाजी दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात राहतात. मार्चमध्ये बाळाला बघायला जायचं ठरलं, आई आणि ताईची सासू दोघींनी मिळून. आमच्याकडे विहिणीला ईन म्हणतात. आई तिला इनबाई म्हणते, म्हणून मीही इथे तेच म्हणते. इनबाई सालेकसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात. अंगाने मजबूत, बोलायला सडेतोड. दोघींचाही पहिलाच विमानप्रवास होता आणि सोबत म्हणून मला पाठवलं. इनबाईंनी घरी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "आपल्याले कायचं भेव? संग इंग्रजीवाली हाय."

जाताना नागपूरच्या विमानतळावर काही झालं नाही. पडद्यामागे एक बाई अंगावरून हात फिरवत होती. आई आत गेली आणि लगेच बाहेर आली. मी डोळ्यांनीच विचारलं तर म्हणाली, ऑपरेशन झालंय असं तिच्या कानात सांगितलं, तिने मान हलवली आणि सोडलं. पडद्याच्या आत दोन बायकांमध्ये झालं ते, तिथेच राहिलं.

दहा दिवस राहून परत निघालो तेव्हा त्या दुसऱ्या विमानतळावर नवीन मशीन होतं. काचेची एक गोल खोली, खाली पावलांच्या पिवळ्या खुणा. तिथे उभं राहून दोन्ही हात डोक्यावर न्यायचे. आधी इनबाई गेल्या, मग मी, मग आई. आम्ही दोघी पलीकडे सामानाच्या पट्ट्याजवळ उभ्या होतो.

गणवेशातली बाई म्हणाली, "माताजी, हाथ ऊपर. पूरा ऊपर."

आईचा डावा हात ऑपरेशननंतर खांद्याच्या वर जात नाही. तिने जाईल तेवढा नेला. ती बाई वैतागली, आत आली आणि आईचं कोपर धरून वर ढकललं. आईचा चेहरा मला दिसला. ती ओरडली नाही. तिला ओरडण्याची सवयच नाही, आणि तीच सवय मी उचलली आहे.

मशीन फिरलं. बाहेरच्या पडद्यावर एक बाहुली उमटली, बाई नाही, पुरुष नाही, लहान मुलं काढतात तशी नुसती रेघांची. पाटीवर म्हटल्याप्रमाणे शरीर खरंच दिसत नव्हतं. फक्त बाहुलीच्या छातीवर डाव्या बाजूला एक पिवळा चौकोन होता. पडद्याचं तोंड रांगेकडे होतं. मागचे दहा-बारा लोक तो चौकोन बघत होते आणि मग आईकडे बघत होते, नेमकं त्याच जागी. ज्या कोणी हे मशीन बनवलं त्याने चित्र काढून टाकलं म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली असेल. बोट कुठे दाखवायचं ते मात्र राहू दिलं.

"अंदर क्या है?"

आई काहीतरी पुटपुटली. बहुतेक नागपूरला म्हणाली होती तेच. इथे गोंगाट होता, ट्रे आपटत होते.

"ज़ोर से बोलिए, माताजी."

आई जोरात बोलली नाही. जी गोष्ट सहा वर्षं शेजारच्या अंगणात जाऊ दिली नाही, ती एवढ्या लोकांत ती कशी ओरडणार होती? मग तिला बाजूच्या पडद्यामागे नेलं. पडदा पूर्ण लागत नव्हता, हातभर फट राहत होती. थोड्या वेळाने ती बाई एकटीच बाहेर आली. तिच्या हातमोजे घातलेल्या दोन बोटांत आईची पिशवी लोंबत होती. तिने ती एका करड्या ट्रेमध्ये टाकली आणि पट्ट्याच्या या टोकाकडे बघून विचारलं, "इनके साथ कौन है?"

मी ऐकलं. मी चार पावलांवर होते. माझ्या हातात माझी बॅग होती आणि मी तिची चेन लावत होते. चेन लागलेली होती, तरी मी लावत होते. मला वाटलं, आत्ता हात वर केला की सगळे माझ्याकडे बघतील आणि मग ट्रेकडे. किती सेकंद गेले सांगता येणार नाही. तिने पुन्हा विचारलं.

"हम हैं," इनबाई म्हणाल्या. "घर के हैं."

पिशवी मशीनमधून गेली. आतल्या चित्रात काय दिसलं कोण जाणे, समोर बसलेल्या माणसाने पट्टा थांबवला आणि सोबत्याला विचारलं, "ये बीज है क्या?" दोघं हसले. वाईट हसले असं म्हणता येणार नाही, कामात माणसं हसतात तसे हसले. मग पिशवी पुन्हा मागे नेऊन दुसऱ्यांदा पाठवली. एका बाजूला कोणाचे तरी बूट, दुसऱ्या बाजूला कोणाचा तरी लॅपटॉप, मध्ये आईची पिशवी. शेवटी ट्रे आमच्यासमोर येऊन थांबला.

इनबाईंनी ती पटकन उचलली. "अवो माय, लेकराची उशी! हे वापस कायले आनली?" त्या हसतच माझ्याकडे वळल्या. आणि दोन्ही हातांनी पिशवी दाबून बघताना त्यांची बोटं थांबली.

"गरम हाय हे," त्या म्हणाल्या.

मला उद्देशून नाही. स्वतःशीच.

तेवढ्यात आई पडद्यातून बाहेर आली. पदर डाव्या खांद्यावरून खाली ओढून तिने उजव्या हाताने घट्ट धरला होता. इनबाईंनी तो पदर पाहिला, तो हात पाहिला. त्यांचा चेहरा बदलताना मी बघत होते आणि अजूनही काही बोलत नव्हते. त्यांनी पिशवी स्वतःच्या पदराखाली घेतली, आईजवळ गेल्या आणि तिच्या हातात दिली. आई बाथरूमकडे गेली. आम्ही दोघी बाहेर उभ्या राहिलो. 

त्या गणवेशातल्या बाईवर मी खूप दिवस रागावले होते. मग तिच्यावरचा राग हळूहळू मशीनच्या पडद्यावर गेला. तो रांगेकडे तोंड करून लावणाऱ्यावर गेला, कापडी पडद्याची फट हातभर ठेवणाऱ्यावर गेला, पाटी लिहिणाऱ्यावर गेला. राग जिथे जायला हवा होता तिथे यायला त्याला वेळ लागला.

नागपूरहून आम्ही रेल्वेने निघालो. गोंदियाला डबा बराच रिकामा झाला. आम्ही आमगावला उतरणार होतो आणि इनबाई पुढे सालेकशाला. गाडी सुटली तेव्हा त्यांनी विचारलं.

"किती वर्सं झाले?"

"सा," आई म्हणाली.

"मंग लगनाच्या आंधीचं."

"हो."

"आमाले तं गर्भपिशवीचं सांगतलं."

"सगळ्यायले तसंच सांगतलं, इनबाई."

"मी सगळ्यायमंदी येतो काय?"

आई खिडकीबाहेर बघत राहिली. कापणी होऊन गेलेल्या बांध्या, मधूनच एखादा हिरवा तुकडा. मग म्हणाली, "पोरीचं लगन मोडलं असतं."

"मोडलं असतं," इनबाई म्हणाल्या. त्यात काही गोड घातलं नाही. आमगाव आलं तेव्हा त्यांनी आमची एक पिशवी दारापर्यंत आणून दिली आणि म्हणाल्या, "बाहेर बोलनार नाई मी. पन मले सांगाले पायजे होतं."

बाहेर त्या बोलल्या नाहीत. हे खरं आहे आणि मी ते लिहून ठेवते. पण घर म्हणजे बाहेर नव्हे. आठवड्याभरात त्यांनी मुलाला सांगितलं. जिजाजींनी ताईला विचारलं, हे तू मला दोन वर्षं का सांगितलं नाहीस. ताई फोनवर रडत होती. मग इनबाईंचं म्हणणं आलं की सुनेची तपासणी करून घ्या. ताई अंगावर पाजत होती. ती दवाखान्यात गेली, पुन्हा एका मशीनसमोर उभी राहिली. रिपोर्ट चांगला आला आणि तो जिजाजींनी आधी त्यांच्या आईला पाठवला, ताईने आम्हाला पाठवण्याच्या आधी. माझ्या बहिणीच्या छातीचा कागद सालेकसा तालुक्यातल्या एका मोबाइलमध्ये आहे. विमानतळाच्या मशीनने काहीही साठवलं नाही, पाटीवर तसं स्पष्ट लिहिलंय.

त्याच दिवसांत मी विमानतळाकडे तक्रार लिहिली. चांगल्या इंग्रजीत लिहिली. शाळेने मला तेवढं दिलं आहे, समोर माणूस नसेल तर मी कोणालाही काहीही सुनावू शकते. तीन दिवसांनी उत्तर आलं की प्रवाशांचा सन्मान आमच्यासाठी सर्वोपरी आहे, तपासणी नियमानुसारच झाली असावी, तरीही पुढील चौकशीसाठी सोबतचा फॉर्म भरावा. फॉर्ममध्ये प्रवाशाचं पूर्ण नाव होतं, आजाराचं स्वरूप होतं, दवाखान्याचे कागद होते, आणि शेवटी वस्तूचं वर्णन, शक्य असल्यास फोटो.

मी आईला वाचून दाखवलं, मराठी करून. ती म्हणाली, "त्यायले आनखी एकडाव दाखवाचं हाय काय?"

मी फॉर्म भरला नाही. फोटो काढायला लावणारे ते कोण, असं मी बाबांना तावातावाने म्हटलं. बाबा म्हणाले, मग तक्रार पुढे जाणार नाही. नाही गेली.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. दिवसा दुकानं, दंडारीची नाटकं, आणि प्रत्येक घरी पाहुणे. लग्नाच्या मुलामुलींच्या गोष्टी याच दिवसांत निघतात. आमच्या गावच्या मंडईला इनबाई आल्या. विमानतळानंतर पहिल्यांदाच. आईने वडे केले होते. जेवणं झाली, बाबा दुकानात गेले, आम्ही तिघी मागच्या खोलीत बसलो. इनबाईंनी पिशवीतून आईसाठी साडी काढली, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या की त्यांच्या नात्यातला एक मुलगा आहे, गोंदियात नोकरीला आहे, घर चांगलं आहे.

"पन एक काम आंधी करा," त्या आईला म्हणाल्या. "इचीबी तपासनी करून घ्या. मोठीची चांगली निंगाली ना. इचा कागद बी हाती असला म्हंजे मले बोलता येते."

आई म्हणाली, बघू. आईचं 'बघू' म्हणजे होकारच असतो, फक्त मान खाली घालून दिलेला.

एक सांगायला हवं. तपासणीचं त्या चुकीचं बोलत नव्हत्या. नागपूरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, दोघी मुलींनी वेळोवेळी तपासून घ्यावं. म्हणूनच मला जास्त चीड आली. जी गोष्ट माझ्या भल्याची होती तीसुद्धा आता कोणाच्या तरी हातातला कागद होणार होती.

"मी तपासून घेईन," मी म्हणाले. "पण कागद कोणाला दाखवणार नाही."

इनबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू कपाट बोललं. "तुले कोन मांगते, बाई?"

"तुम्हीच मागताय. आत्ता म्हणालात, हाती असला म्हणजे बोलता येतं. ताईचा आहे तुमच्याकडे. तो तिला न विचारता तुमच्याकडे आला. माझा येणार नाही. त्या मुलाला मी स्वतः सांगेन काय सांगायचं ते. आईचंही सांगेन, तिला चालत असेल तर. त्याच्या नात्यातल्या कोणाला मी माझी छाती वाचायला देणार नाही."

शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज फाटला. आई "अवो" म्हणाली आणि थांबली.

इनबाई चिडल्या. त्या म्हणाल्या, दोन वर्षं फसवलं ते तुम्ही, आणि वर तोंड करून मलाच शिकवता. मी म्हटलं, फसवलं हे खरं आहे. ताईचं लग्न मोडलं असतं असं तुम्हीच रेल्वेत म्हणालात, म्हणून फसवलं.  त्या उठल्या आणि म्हणाल्या, गाडीची वेळ झाली. जाताना आईच्या डाव्या खांद्यावर त्यांनी क्षणभर हात ठेवला, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. ते स्थळ अर्थातच पुन्हा निघालं नाही.

त्या गेल्यावर मी भांडी गोळा करू लागले. आत कुठेतरी मला बरं वाटत होतं. मला वाटलं, आई आता रागावेल, पाहुण्यांना असं बोलतात का म्हणेल. तिने साडीची घडी पुन्हा केली, कपाटात ठेवली, आणि पाठ माझ्याकडे असतानाच म्हणाली,

"येवढं बोलता येत होतं तं तिथं काऊन नाई बोलली?"

आठ महिन्यांत तिने हे एकदाही विचारलं नव्हतं. मला वाटत होतं, पडद्यामागून तिला काही दिसलं नसेल. मग आठवलं की पडदा पूर्ण लागत नव्हता.

मशीन, पाटी, गणवेश, गोंगाट, सगळी उत्तरं तयार होती माझ्याकडे. आठ महिने मी तीच घोटत होते.

"मला लाज वाटली," मी म्हणाले.

आईने कपाट बंद केलं. "हं," म्हणाली. मग माझ्या हातातली ताटं घेतली आणि उजव्या हाताने उचलून मागच्या दारी घासायला बसली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने मला घासू दिलं नाही, फक्त विसळायला दिलं.